भाड्याचे तारण

घर गहाण पडते हे महाराष्ट्राने शतकानुशतके पाहिले होते. पण अजून हाती न आलेले घरच तारण म्हणून पुढे करून त्याच्या किमतीचे कर्ज उभारता येते, आणि ते कर्ज महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला आपल्या हयातीत फेडता येते, ही गोष्ट त्याच्या अनुभवास आली ती विसाव्या शतकात, आणि तीही अशा काही संस्थांच्या व योजनांच्या द्वारे, ज्यांची नावे आज घरकर्जाचा अर्ज भरणाऱ्या तरुणाच्या कानावर क्वचितच पडलेली असतात. जुन्या सावकारी व्यवहारात घर हे कर्जाचे तारण असे. कर्जाचे कारण मात्र ते क्वचितच असे. मुलीचे लग्न, वडिलांचे उत्तरकार्य, अवर्षणाचे साल, सरकारसाऱ्याचा हप्ता अशा निमित्ताने रोखा लिहून दिला जाई आणि वाडवडिलांनी बांधलेली वास्तू त्या रोख्याखाली दबून जाई. नवे घर बांधू पाहणारा मनुष्य ते साठवलेल्या पैशांवर, पत्नीच्या दागिन्यांवर किंवा भाऊबंदांच्या उसनवारीवर बांधी. आणि ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसे तो जन्मभर बिऱ्हाडकरू म्हणून राही.

त्या काळच्या गहाणाच्या तीन तऱ्हा दस्तऐवजांत वारंवार भेटतात. नजरगहाणात ताबा ऋणकोपाशीच राही आणि मिळकतीवर केवळ बोजा चढे. ताबेगहाणात धनको मिळकतीचा उपभोग घेई आणि तो उपभोग व्याजापोटी वळता होई. आणि मुदतखरेदीत, जी तिन्हींत सर्वांत घातक, कागदावर सरळ विक्रीच लिहिली जाई, व ठरल्या मुदतीत रक्कम परत केल्यास मिळकत माघारी मिळेल ही अट कधी त्याच कागदात, तर कधी केवळ तोंडी जोडलेली असे. मुदत टळली की तोंडचा शब्द विरून जाई आणि कागद तेवढा उरे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, रयत सावकारांच्या घरांवर चालून गेली तेव्हा तिचा रोख धान्याच्या कोठारांपेक्षा रोख्यांच्या आणि खातेवह्यांच्या दप्तरांवर होता, ही बाब त्या उठावाचे मर्म सांगून जाते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याने न्यायालयांना दस्तऐवजाच्या अक्षरांमागे जाऊन व्यवहाराचे खरे स्वरूप तपासण्याची मुभा दिली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने, जो मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला, गहाणाचे प्रकार नेमके बांधून दिले. आणि गहाण सोडवून घेण्याचा हक्क तर मुदतीच्या कायद्यान्वये साठ वर्षांपर्यंत जिवंत राहत असे, तो १९६३ च्या कायद्याने तीस वर्षांवर आला. मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा व्यापारी शहरांना आणखी एक सवलत होती, ती ही की मिळकतीचे मूळ कागद धनकोच्या हाती ठेवले की नोंदणीवाचूनही गहाण पुरे होई. पेढीवरच्या घाईच्या व्यवहारास ही पद्धत फार मानवली.

या सुधारणांचे मोल कमी नाही. परंतु त्या सर्वांचा लाभ ज्याच्यापाशी आधीच काही मिळकत आहे त्यालाच होता. गिरगावच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनापाशी गहाण टाकण्यासारखे काय होते? एक नोकरी, आणि दर महिन्याला न चुकता घरमालकाला दिलेले भाडे. ते भाडे हेच तारण होऊ शकते, हा विचार सुचायला आणि सुचल्यावर अमलात यायला एक महामारी, एक नवा कायदा आणि एक ध्येयनिष्ठ वकील यांची गाठ पडावी लागली.

राजसत्तेने वसतीला उत्तेजन द्यावे, ही कल्पना मात्र आपल्याकडे नवी नव्हती. पेशवाईत पुण्याच्या नव्या पेठा वसवताना व्यापाऱ्यांना व कारागिरांना कौल दिले जात, काही वर्षांची पट्टी माफ होई, आणि पेठ आबाद करण्याची जोखीम एखाद्या मातबर माणसाच्या अंगावर टाकली जाई. पण त्या साहाय्याचा हेतू बाजार भरावा आणि जकात वाढावी हा होता. कुटुंबाच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर यावे हा त्याचा केवळ आनुषंगिक परिणाम होता. म्हणून त्या परंपरेत आजच्या गृहकर्जाचे मूळ शोधणे मला योग्य वाटत नाही.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. दोन वर्षांनी, १८९८ साली, कायद्याने सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे, शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनी आखून त्यांचे भूखंड करण्याचे काम हाती घेतले. पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे कमी उठली आणि मुंबईत जागेची टंचाई व भाडेवाढ हा नित्याचा त्रास होऊन बसला. मध्यम वर्गाची स्थिती विशेष अवघड होती: गिरणीकामगारांसाठी ट्रस्टने थोड्या चाळी बांधल्या, धनिकांसाठी बंगल्यांचे भूखंड होते, पण कचेऱ्यांतून व पेढ्यांतून राबणारा सुशिक्षित नोकरदार या दोहोंच्या मध्ये लोंबकळत राहिला.

याच वर्गातून राव बहादूर श्रीपाद सुब्राव तळमकी पुढे आले. व्यवसायाने ते वकील. ज्ञातीने चित्रापूर सारस्वत, म्हणजे १८६२ पासून मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या उत्तर कानडा भागातून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या कोंकणीभाषक समाजापैकी. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाल्यानंतर, १९०६ च्या अखेरीस, त्यांनी शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ एक पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. परंतु १९०४ चा कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता होता. त्याच्याखाली घरे बांधणारी संस्था नोंदवता येत नव्हती. १९१२ च्या कायद्याने ही अडचण दूर झाली आणि पतपुरवठ्याहून वेगळ्या उद्दिष्टांच्या सहकारी संस्थांना मान्यता मिळाली. इंग्लंडात लंडनजवळ ईलिंग येथे १९०१ साली भाडेकरूंनीच भागधारक होऊन स्वतःची घरे बांधल्याचे उदाहरण समोर होते. मुंबईत सहकारी गृहनिर्माणाच्या प्रचारासाठी १९१३ मध्ये एक मंडळ स्थापन झाले, आणि १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवली गेली. आशियातील या प्रकारची पहिली संस्था म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ताडदेवची तळमकीवाडी आजही त्या पुरुषाचे नाव धारण करून आहे.

या संस्थेने जी पद्धत रूढ केली तिला पुढे सहकार खात्याच्या परिभाषेत भाडेकरू-सहभागीदारी असे नाव मिळाले, आणि तिची रचना नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण पुढील अर्धशतकातील बहुतेक गृहवित्त योजना तिच्याच आधारावर उभ्या राहिल्या. जमीन संस्थेची, इमारतही संस्थेची. सभासदाने आपल्या जागेच्या किमतीचा ठरावीक अंश भागभांडवल म्हणून भरायचा. उरलेली रक्कम संस्थेने ठेवींतून, कर्जरोख्यांतून किंवा बाहेरच्या कर्जातून उभारायची. आणि सभासदाने दरमहा जे भाडे द्यायचे, त्यात कर्जाचे व्याज, मुद्दलाची फेड, नगरपालिकेची पट्टी, दुरुस्तीचा निधी हे सारे सामावलेले असायचे. म्हणजे जी रक्कम पूर्वी घरमालकाच्या तिजोरीत जाऊन नाहीशी होत असे, तीच आता कर्ज फेडत असे. यात ऋणको म्हणून जो कागदावर येई तो एकटा-दुकटा कारकून नसून त्याची संस्था असे. एखाद्याची नोकरी गेली, एखादा आजारी पडला, तरी शेजाऱ्यांच्या वर्गणीवर आणि राखीव निधीवर हप्ता निभावून जाई. आणि एखाद्याने जागा सोडायची ठरवली तर त्याने ती बाजारात मिळेल त्या भावाने विकायची नव्हती, संस्थेकडे परत करायची होती. घराच्या किमतीतून नफा काढण्याची वाट अशा रीतीने आरंभीच बंद केलेली होती. मला या सर्व रचनेत हेच कलम सर्वांत दूरदृष्टीचे वाटते, आणि पुढे सर्वांत आधी विसरले गेले तेही हेच.

गावदेवीच्या पाठोपाठ अनेकांनी हे अनुकरण केले. वांद्र्यास १९१८ साली साष्टीच्या कॅथलिक ख्रिस्ती समाजाची संस्था नोंदवली गेली. सांताक्रूझ येथे सारस्वतांची उपनगरी वसाहत उठली. यांपैकी काही ठिकाणी दुसरी पद्धत होती, जिला भाडेकरू-मालकी म्हणत: जमीन संस्थेच्या नावे, पण भूखंडावरचे घर सभासदाने स्वतःच्या खर्चाने बांधलेले. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई सरकारनेही सहकारी गृहसंस्थांना दीर्घ मुदतीची कर्जे देण्यास आरंभ केला. त्याच काळात, १९२० मध्ये, गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने विकास खाते स्थापन होऊन, मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी व सोळा हजारांवर खोल्या उभ्या राहिल्या. त्या बीडीडी चाळी होत. तेथे राहणारा पिढ्यान्‌पिढ्या भाडे भरीत राहिला, तरी त्या भाड्याने त्याच्या नावे एक वीटही जमा झाली नाही.

सहकारी संस्थांची ही भरभराट ज्ञातीच्या व धर्माच्या कुंपणाच्या आत झाली, हे लपवण्याचे कारण नाही. धनकोला हवी असलेली हमी ही होती की सभासद एकमेकांना ओळखतात, एकाने बुडवले तर त्याला समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि ही ओळख त्या काळी ज्ञातीतच मिळत होती. पण ज्याला कोणत्याही ज्ञातीच्या घरात भाडेकरू म्हणूनसुद्धा थारा नव्हता, त्याने काय करावे? गावदेवीची संस्था नोंदवली गेली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१७ साली, परदेशी विद्याविभूषित होऊन बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात घेतलेला आसराही त्यांना सोडावा लागला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. भाड्यालाच जिथे प्रवेश नाही तिथे भाड्याचे तारण कोठून होणार? या अन्यायावर सरकारी उपाय निघाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, युद्धोत्तर पुनर्रचनेच्या कार्यक्रमात. त्या कार्यक्रमातील क्रमांक २१९ च्या योजनेखाली मागासवर्गीयांच्या सहकारी गृहसंस्थांना सरकारी जमीन व अर्थसाहाय्य देण्याची तरतूद झाली. महसूल खात्याच्या दप्तरात ‘पीडब्ल्यूआर २१९’ या रुक्ष नावाने वावरणारी ही योजना महाराष्ट्राच्या अनेक शहरांत वस्त्या उभ्या करून गेली; तरी गृहनिर्माणाच्या इतिहासात तिला चार ओळीही कोणी देत नाही, याची मला खंत वाटते.

स्वातंत्र्यानंतर सरकार या क्षेत्रात पूर्णपणे उतरले. १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहनिर्माण योजना आणली. तीत कामगारांच्या सहकारी संस्थेला बांधकामखर्चाच्या २५ टक्के अनुदान आणि प्रारंभी ५० टक्के, पुढे ६५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळे, म्हणजे कामगाराला स्वतःचे म्हणून शेवटी अवघे दहा टक्के उभे करायचे होते. आणि तेवढ्यासाठीही भविष्यनिर्वाह निधीतून परतफेडीची अट नसलेली उचल घेता येई. अशी उदार योजना असूनही कामगारांच्या संस्था थोड्याच निघाल्या आणि बहुतेक घरे राज्य सरकारांनीच बांधली, कारण मुळात जमीन मिळवणे, नकाशे मंजूर करून घेणे आणि कर्ज मंजूर होईतो काम चालू ठेवणे यासाठी जे भांडवल व जो फुरसतीचा वेळ लागतो, तो पाळीवर जाणाऱ्या माणसापाशी नव्हता.

१९५४ च्या अल्प उत्पन्न गट योजनेचे नशीब अधिक चांगले निघाले. वार्षिक प्राप्ती ६,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला घराच्या खर्चाच्या ८० टक्के, पण ८,००० रुपयांहून अधिक नाही, असे कर्ज मिळे आणि त्याची फेड तीस वर्षांत करायची असे. १९५९ मध्ये त्याच्या वरच्या थरासाठी मध्यम उत्पन्न गट योजना आली. तिला पैसा पुरवला तो १९५६ साली राष्ट्रीयीकरणाने जन्मलेल्या आयुर्विमा महामंडळाने. विम्याच्या हप्त्यांतून साचलेला दीर्घ मुदतीचा पैसा आणि घराची दीर्घ मुदतीची गरज यांचा मेळ घालण्याची ही दृष्टी मोठी होती. राज्याच्या हमीवर हाच पैसा शिखर सहकारी गृहवित्त संस्थांकडून गावोगावच्या सोसायट्यांपर्यंत पोचला, आणि मध्यम शहरांतल्या ‘शिक्षक सोसायटी’, ‘पोस्टल सोसायटी’ अशा नावांच्या कित्येक वसाहती त्यातूनच उठल्या. मुंबईकराच्या तोंडी मात्र या योजनांची केवळ आद्याक्षरे राहिली. वांद्रे पूर्वेच्या एमआयजी क्रिकेट क्लबवर खेळायला जाणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल की ती तीन अक्षरे एका सरकारी कर्जयोजनेची आहेत?

याच काळातली आणखी एक सोय मला विशेष आदराने आठवते, ती सरकारी नोकरांच्या गृहबांधणी अग्रिमाची. केंद्र सरकारने १९५६ मध्ये ती सुरू केली. टपालखात्यातला कारकून किंवा रेल्वेतला तारमास्तर या अग्रिमासाठी आपले भावी घर गहाण टाकी, आणि ते गहाणखत भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे लिहिले जाई. कर्ज फिटले की राष्ट्रपतींच्याच वतीने ते घर त्याला परत लिहून दिले जाई. मुदतखरेदीच्या कागदावर अंगठा उठवून ज्याच्या आजोबाचे घर गेले, त्याच्या नातवाचे गहाण प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने सोडवून द्यावे, हे स्थित्यंतर दोन पिढ्यांत घडले. शिवाय या अग्रिमाची वसुली ज्या क्रमाने होई तो सावकारीच्या नेमका उलटा होता: पगारातून आधी मुद्दल कापले जाई आणि ते पुरे फिटल्यानंतर मगच व्याजाचे हप्ते सुरू होत, व्याजही सरळ, चक्रवाढ नव्हे. मुद्दल दरमहा घटत असल्यामुळे व्याजाची आकारणी आपोआप आटत जाई. आज ज्यांच्या हप्त्याचा पहिल्या काही वर्षांतला मोठा वाटा व्याजातच जातो, त्यांनी त्या तक्त्याशी आपला तक्ता ताडून पाहावा.

पुण्यात या सर्व साधनांची एकदम कसोटी लागली ती १२ जुलै १९६१ रोजी. पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि मुठेकाठच्या शनिवार, नारायण, कसबा आदी पेठांतली जुनी मातीविटांची घरे व वाडे पाण्यात विरघळले. त्या वाड्यांत मालकापेक्षा बिऱ्हाडकरूच पुष्कळ होते. त्यांचे ना घर होते ना त्याचा कागद, गेले ते भाड्याचे छप्पर. तरीही पुनर्वसनात त्यांचा विचार झाला: लोकमान्यनगरात गृहनिर्माण मंडळाची घरे उठली, गोखलेनगरात अर्धवर्तुळाकार पत्र्यांच्या निसेन झोपड्यांत हजारो माणसे राहिली, आणि पूरग्रस्तांच्या सहकारी संस्था नोंदवून त्यांना सहकारनगरासारख्या भागांत सरकारी जमिनी भाडेपट्ट्याने मिळाल्या. पेठेत पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून राहिलेली कुटुंबे या आपत्तीतून प्रथमच स्वतःच्या भिंतींत आली. त्या जमिनी मालकी हक्काने मिळाव्यात म्हणून मात्र त्यांच्या मुलानातवंडांना दशकानुदशके सरकारदरबारी खेटे घालावे लागले.

यानंतरच्या बदलाचे वर्णन थोडक्यात करता येते, कारण तो सर्वांच्या डोळ्यांपुढे घडला आहे. १९७० मध्ये हुडको हे केंद्रीय महामंडळ निघाले. १९७७ मध्ये हसमुख ठाकोरदास पारेख यांनी मुंबईत हौसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशनची स्थापना करून व्यक्तीला तिच्या पगारावर थेट घरकर्ज देण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यातील जुनी गृहनिर्माण मंडळे म्हाडात विलीन झाली. ज्याला ओळखणारी ज्ञाती नव्हती, ज्याच्या कचेरीची सोसायटी नव्हती, त्यालाही आता कर्ज मिळू लागले, हा या पद्धतीचा खरा उपकार आहे आणि तो मोकळ्या मनाने मानला पाहिजे. परंतु कर्जदार म्हणून संस्था मागे सरली, आणि तिच्याबरोबर जमिनीवरचा संस्थेचा ताबाही. पूर्वी संस्था आधी जन्मे, जमीन घेई, कर्ज काढी आणि मग इमारत उठे. आता इमारत बिल्डर उठवतो, जागा एकेकट्याला विकल्या जातात, प्रत्येकाचे कर्ज वेगळ्या बँकेत असते, आणि सोसायटी नोंदवली जाते ती सर्वांत शेवटी.

हा उलटा क्रम महाराष्ट्राच्या कायद्याने १९६३ मध्येच ओळखला होता. त्या वर्षीच्या ओनरशिप फ्लॅटच्या अधिनियमाने बिल्डरवर जबाबदारी टाकली की त्याने संस्था स्थापन करावी आणि जमिनीचा व इमारतीचा हक्क तिच्या नावे लिहून द्यावा. दुसरा करार झालेला नसल्यास संस्थेच्या नोंदणीनंतर चार महिन्यांची मुदत नियमांनी घातली. ती मुदत पाळणारे थोडे निघाले. वाढीव चटईक्षेत्राची किंमत जसजशी चढत गेली तसतसे जमीन आपल्याच नावे राहू देण्यात बिल्डरचे हित वाढत गेले, आणि वीस-वीस वर्षे कर्जाचे हप्ते भरून मोकळ्या झालेल्या सभासदांच्या पायाखालची जमीन सात-बाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर दुसऱ्याच्याच नावे राहिली. अखेर २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला: बिल्डरची सही मिळत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, नोंदणीचे प्रमाणपत्र, विक्रीचे करारनामे, मंजूर नकाशे जोडावेत, आणि सुनावणीनंतर सक्षम प्राधिकाऱ्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर हक्काची नोंद करून घ्यावी. राज्यभरच्या सोसायट्यांचे चिटणीस आज हे अर्ज घेऊन उपनिबंधकांच्या कचेरीत जातात, आणि गावदेवीच्या सभासदांनी पहिली वीट रचण्याआधी जे पदरात पाडून घेतले होते ते मागतात.